उभं लोखंड एकदाच बोलतं

प्रिय लाकड्या,

दुकानदारानं सांगितलेली किंमत होती माझ्या पुढच्या गाळ्याचं दोन महिन्यांचं भाडं. हेडफोन आणि छोटं फावडं त्यानं वर फुकट दिलं, म्हणजे त्यांचे पैसे किमतीत आधीच लावलेले होते. हा झाला पावतीवरचा आकडा. खरा खर्च वेगळाच आहे. सव्वीस सकाळी गेल्या, उजवा खांदा गेला, बायकोच्या अकरा गुलाबांपैकी चार गेले, आणि तिचं माझ्याशी नीट बोलणं गेलं, ते चौथ्या गुलाबापासून बंद आहे. एवढं सगळं घालून मी घेतलं काय, तर धातू शोधायचं यंत्र. काठीच्या टोकाला थाळी असते, ती जमिनीवरून फिरवायची, खाली काही असलं की कानात आवाज येतो. हो, तेच, लोक ज्यानं पुरलेलं धन शोधतात. हस. तुझं ते नाकातून येणारं हसू मला इथं बसून ऐकू येतंय, एकोणीस वर्षं झाली तरी.

माझं अक्षर बघून कुणाचं बरंवाईट झालं असं वाटलं असेल, तर आधी तेवढं सांगतो, इथं सगळी धडधाकट आहेत. तुझ्या मुलानं पाठवलेला कागद मिळाला, त्याला पाच आठवडे झाले. 'दोन्ही मालकांना सध्याची हद्द मान्य आहे', खाली तुझी सही, शेजारी माझ्यासाठी रिकामी रेघ. सोबत त्याची चिठ्ठी, की काका, आमच्या जागेला गिऱ्हाईक आलंय, गाडी आत जात नाही म्हणून भाव पाडून मागतंय, पण बाबा म्हणतात आता काकांशी वाद नको, भिंत आहे तिथं असू दे, महिनाअखेरच्या शुक्रवारपर्यंत सही करून पाठवा. आज बुधवार. कागद समोर आहे, पेन चालू आहे, आणि सही करायला जेवढा वेळ लागतो तेवढ्यात मी चार वेळा उठून अंगणात जाऊन आलोय. फोन केला असता, पण मला माझी खोड माहीत आहे. तू उचलला असतास, मी तब्येत विचारली असती, मग हवा कशी आहे विचारलं असतं, आणि 'बरं, ठेवतो' म्हणून ठेवला असता. कागदावर असं पळता येत नाही. येतं, पण खाडाखोड दिसते.

तर यंत्र. क्रमानं सांगू दे, मध्ये उडी मारलीस तर माझी गाडी घसरेल. कॅमेरे, दुर्बिणी, मासे धरायचे गळ, असलं सगळं विकणारा एक दुकानदार आहे, शेलाटा, दर वाक्याला 'बरं का' लावणारा. त्यानं काउंटरवर तीन यंत्रं मांडली. एक खेळण्यासारखं, हलकं, एकच दिवा. एक मधलं, त्यात वेगवेगळ्या धातूंना वेगवेगळा आवाज. तिसऱ्याला विमानात असतो तसला पडदा, त्यावर आकडे नाचतात. विचारलं, काका, शोधायचंय काय. मी म्हटलं, जुनी नाणी, दागिने, असलंच काहीतरी. तो म्हणाला, सगळ्यांना सोनंच हवं असतं, बरं का, आणि मिळतात बाटल्यांची झाकणं. मी म्हटलं, पडदा राहू दे, मला ऐकव. त्यानं मधलं यंत्र चालू केलं, मी डोळे मिटले, आणि तो एकेक वस्तू थाळीखालून सरकवू लागला. चांदीचं नाणं वर चढतं, शिट्टीसारखं. अंगठी आणि चॉकलेटचा चमचमता कागद मध्येच बोलतात, आणि दोघं इतके सारखे बोलतात की भल्याभल्यांनी कागद समजून सोनं सोडून दिलंय म्हणे. खिळा खाली जातो, म्हाताऱ्यानं घसा साफ करावा तसा. दहापैकी दहा मी बरोबर ओळखले. दुकानदार म्हणाला, काका, कान कुठून आणलेत. आता त्याला काय सांगू, वेल्डिंगच्या आवाजावरून सांधा आतपर्यंत गेला की नुसता वर बसला हे ओळखण्यात जन्म गेलाय. कान असे, आणि नजर तर तुला ठाऊकच आहे. आयुष्यात एका गेटाचं माप मी दोनदा घेतलं नाही. रस्त्यावर उभं राहून बघायचो, आकडा सांगायचो, आणि बसवताना एक सूतही इकडचं तिकडं होत नसे. टेप खिशात असायची ती गिऱ्हाइकाच्या समाधानापुरती.

मधलं यंत्र घेतलं. पैसे दिल्यावर त्यानं, नाण्यांना लागतं तसं बसवून देतो, बरं का, असं म्हणत तीनचार बटणं दाबली. मी तिकडं बघितलं नाही. सुटे परत घेत होतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी घरच्या अंगणातच सुरुवात केली. बायकोला सांगितलं, आधी हात बसू दे, मग नदीवर जाईन. भिंत आणि शेड यांच्या मधली ती चिंचोळी पट्टी आठवते ना, रस्त्याच्या बाजूला रुंद आणि मागं निमुळती होत गेलेली? तिथं आता तिचे गुलाब आहेत. पुढच्या कोपऱ्यापासून सुरुवात केली आणि तीन सकाळी ती पट्टी पिंजून काढली. एक ॲल्युमिनियमचा चमचा, वायरीचा तांब्याचा तुकडा, औषधाच्या गोळ्यांचा चमचमता कागद आणि सात झाकणं मिळाली. कोपऱ्यात यंत्र गप्प. चौथ्या दिवशी पुन्हा गेलो, पुन्हा गप्प. लाकड्या, तुझ्यापासून काय लपवू, मला हायसं वाटलं. म्हटलं, गंजलं, माती झाली, विषय संपला. त्या दिवशी पोटभर जेवलो. दुपारी पेनाचं टोपण काढून कागद पुढ्यातही घेतला. मग तुझी सही बघितली. पावतीवर सही करताना तू शेवटच्या अक्षराची शेपटी अशी ओढायचास की पावती फाटायची. ती शेपटी आता नाही. सही आहे, पण कुणीतरी सांगितलं म्हणून केल्यासारखी. मी टोपण लावलं.

काय गंजून गेलं असं मला वाटलं, ते सांगतो, जरा धीर धर. आधी नदी.

दुकानदारानं सांगितलं होतं की रविवारी सकाळी नदीच्या वळणावर वाळूत चारपाच जण यंत्रं घेऊन येतात, शिकायचं तर तिथं जा. गेलो. त्यांच्यात एक बाई आहेत, टेलिफोन ऑफिसात तीसेक वर्षं लोकांना लाइन जोडून दिलेल्या. डोक्यावर मोठी टोपी, पायात साध्या चपला, आणि बोलणं असं की समोरच्यानं वाक्य पूर्ण करायच्या आधीच यांनी ते ऐकलेलं असतं. पाच मिनिटं त्यांनी माझं फिरवणं बघितलं आणि म्हणाल्या, काका, झाडू मारताय की ऐकताय? थाळी दोन्ही टोकांना वर उचलू नका, जमिनीला समांतर ठेवा, आणि एवढी घाई काय आहे, कोण मागे लागलंय. मग माझे हेडफोन त्यांनी स्वतःच्या कानाला लावले, वाळूत एक गंजका खिळा टाकला, थाळी त्यावरून नेली आणि माझ्याकडं बघितलं. म्हणाल्या, तुमच्या यंत्राला कुणीतरी सांगून ठेवलंय की लोखंड नाहीच. त्याला ऐकू येतंय, पण ते तुम्हाला सांगत नाहीये.

नाणी शोधणाऱ्याला लोखंड नको असतं, म्हणून दुकानदारानं ते बंद करून दिलं होतं. त्याची चूक नव्हती. त्यानं विचारलं होतं काय शोधायचंय, आणि मी खोटं सांगितलं होतं.

त्यांनी एक बटण दाबलं आणि कानात गिरणी सुरू झाली. वाळूत इतकं लोखंड असतं हे मला माहीत नव्हतं. शिवाय दर फेरीला उजवीकडं एक मोठ्ठा ओरडा. मी वाकलो, खणलं, काही नाही. सरकलो, पुन्हा तोच ओरडा. तीन खड्डे झाल्यावर बाई म्हणाल्या, तुमचा खजिना तुमच्याबरोबर चालतोय, बुटाच्या टोकात पोलाद आहे. चाळीस वर्षं पायावर गर्डर पडू नये म्हणून तसलेच बूट घालतोय, डोक्यातच आलं नाही. बाकीचे इतके हसले की एकाचे हेडफोन पडले. त्या दिवशी संध्याकाळी कापडी बूट घेतले, ते वरच्या हिशेबात धरायचे राहिले.

पुढच्या रविवारी त्या बाई माझ्याजवळ येऊन उभ्या राहिल्या. हळूच म्हणाल्या, इथं सगळे खिळा लागला की वैतागतात, तुम्ही एकटेच खाली वाकता. काय शोधताय ते मला सांगू नका. एवढंच सांगा, ते आडवं आहे का उभं? मी म्हटलं, उभं. अंगठ्याएवढं जाड, वीतभर मातीखाली, त्याखाली हातभर लांब. त्यांनी आणखी एक शब्द विचारला नाही. लोकांचं ऐकायचं आणि विसरायचं, याचाच मला पगार मिळायचा, एवढंच म्हणाल्या. मग त्यांनी वाळूत एक लांब खिळा आडवा पुरला आणि एक उभा, आणि मला दोन्हीवरून थाळी न्यायला लावली. आडवा खिळा दोनदा बोलतो, एकदा डोक्याशी, एकदा टोकाशी. दिशा बदलून आडवे गेलात की त्याचा सूर बदलतो, जागा सरकते, साक्षीदाराची उलटतपासणी घ्यावी तसा तो गडबडतो. उभा खिळा एकदाच बोलतो. कुठूनही या, पूर्वेकडून, दक्षिणेकडून, तिरके या, त्याच जागी, तेवढंच, थोडक्यात. मी तो आवाज पंचवीस वेळा ऐकला. घरी येताना सगळ्या वाटेनं तो कानात होता आणि घरी येऊन मी जेवलो नाही.

आता सांगतो. आपण शेजारशेजारचे प्लॉट घेतले, मी गेटं करणार, तू दारं करणार, आणि गावातल्या कुठल्याही घराला आपल्याशिवाय आत जाता येणार नाही अशा बाता मारल्या, तेव्हा मोजणीवाल्यानं आपल्या दोघांच्या मध्ये, रस्त्याच्या बाजूला, लोखंडी गज ठोकला होता आणि मागच्या बाजूला दगड पुरला होता. पुढं गज, मागं दगड, मध्ये दोरी लावली की हद्द. तुझे वडील आजारी पडले आणि तू अकरा दिवस गावी गेलास, त्यात सहाव्या दिवशी माझ्या शेडचे गर्डर घेऊन गाडी आली. ड्रायव्हरनं मागं घेताना चाक गजावर घातलं आणि गज जमिनीशी आडवा झाला. तसाच ठेवायला हवा होता. पण लोखंड वाकलेलं दिसलं की माझे हात शिवशिवतात. वीतभर खणून मी तो उभा करायला गेलो, इकडं वाकवला, तिकडं वाकवला, हातोडी मारली. असं केलं की गज तुटतो, हे मी कामाला आलेल्या प्रत्येकाला पहिल्या दिवशी सांगत आलोय. तुटला. वरचा अर्धा माझ्या हातात, खालचा मातीत. ड्रायव्हर हॉर्न वाजवतोय, म्हणतोय शेट खड्डा भरा, चाक अडकेल. भरला. गाडी त्यावरून चारदा गेली आणि संध्याकाळपर्यंत तो कोपरा नांगरल्यासारखा झाला. दुसऱ्या दिवशी गवंड्यानं विचारलं, लाइन कुठं? मी रस्त्यावर उभा राहिलो, एक डोळा मिटला, आणि हातातला अर्धा गज ठोकला. म्हटलं, इथं. माझ्या दुसऱ्या कोपऱ्यापासून टेप लावून नकाशातला आकडा बघितला असता तर दहा मिनिटांचं काम होतं. तू परत आलास तेव्हा भिंत कमरेएवढी झाली होती. मी त्या सकाळी चोरी करायला निघालो नव्हतो, लाकड्या. मला फक्त टेप आणायला घरात जायचं नव्हतं.

तू पुढं म्हणायचास, भिंत तिरकी वाटते रे, आणि मी म्हणायचो, तुझी मान तिरकी आहे. तेव्हा ते थट्टेत खपलं, कारण तुझा माल हातगाडीवर यायचा. मग मोठ्या गाड्या सुरू झाल्या. एकोणीस वर्षांपूर्वीची ती सकाळ, तुझ्या ओंडक्यांची गाडी तीनदा वळवून बघितली आणि ड्रायव्हर म्हणाला, आणखी दोन फूट असते तर गेली असती. तू चहाच्या टपरीवर माझ्याकडं आलास. भांडायला नाही आलास, हे मला नीट आठवतंय. विचारलंस, लोखंड्या, तो गज कधी जागचा हलला होता का रे? टपरीवर चारपाच जण होते. मी म्हटलं, त्याला मी आजवर बोट लावलेलं नाही, आणि वर म्हटलं, तू बारीक गाडी घे. हसले सगळे. तू म्हणालास, मग मोजणीवाला बोलावतो. मी म्हटलं, बोलाव की, पण मग माझ्या दारात येऊ नकोस. तू मोजणीवाला बोलावला नाहीस, आणि दारातही आला नाहीस.

त्यानंतर तेरा वर्षं तुझी गाडी रस्त्यावर रिकामी व्हायची. फळी खांद्यावर घेऊन आतपर्यंत साठ पावलं. रस्ता अडवला म्हणून दंड, पावसात माल भिजला म्हणून गिऱ्हाइकाची कटकट, सगळं मला कळायचं. मी बघत नसे, पण कानांना झाकण नसतं. शेडमध्ये ग्राइंडर चालू असला तरी मला कळायचं, कोण फळी आणतंय. तुझं पाऊल जड, टाच आधी. वहिनींचं हलकं, आणि मध्ये एकदा थांबणारं, कारण त्या वाटेत खांदा बदलायच्या. वहिनी फळ्या उचलतात हे मी कुणाशी बोललो नाही. ग्राइंडर मात्र जरा जोरात चालवायचो. सहा वर्षांपूर्वी तू शटर ओढून मुलाकडं गेलास तेव्हा ते शटर मीच केलेलं होतं, आणि तेल नसल्यानं ते कुठल्या पट्टीवर अडकतंय हेही मला आतून समजलं. बाहेर आलो नाही.

तर त्या रविवारी नदीवरून घरी आल्यावर लोखंडाचं बटण चालू ठेवून पट्टीत उतरलो, तर कल्लोळ. गुलाब लावायच्या आधी त्या जागेत मी वर्षानुवर्षं कापलेले तुकडे, वाकडे बोल्ट, संपलेल्या वेल्डिंग काड्या फेकल्या आहेत. प्रत्येक पावलावर दहा आवाज. ज्यानं जन्मभर लोखंडाचं काम केलं त्याला स्वतःच्या अंगणात लोखंड सापडेना, हे बायकोनं तिच्या माहेरी फोन करून सांगितलं, मी ऐकेन इतक्या मोठ्यानं. यंत्राचा जोर कमी केला, एका वेळी हातभर जागा घेतली, आडवे बोलणारे सोडून दिले. तरी शंका यायची आणि खणायचो. दोन बिजागऱ्या, एक पान्हा, तुझी एक पटाशीसुद्धा मिळाली, मूठ गेलीय, पातं आहे. पहिल्या गुलाबाला ती म्हणाली, सोनं मिळालं तर आधी माझं रोप भरून द्या. दुसऱ्याला म्हणाली, नदी तुमची वाट बघतेय ना, जा तिकडं. तिसऱ्याला विचारलं, नक्की काय शोधताय हो? मी म्हटलं, नाणी. चौथ्याला तिनं काही विचारलं नाही, आणि तेव्हापासून ताट समोर येतं पण त्याच्याबरोबर शब्द येत नाही.

मनात रोज एक वकील बसलेला असायचा, तेही लिहितो. तो म्हणायचा, तुझा दुसरा कोपरा बाजूची गल्ली रुंद करताना गेला, त्याच्या पलीकडचा नाल्यात गेला, आता नकाशा कुठून मोजणार? पुरावा असलाच तर तो मातीत आहे आणि तुझ्याशिवाय कुणाला माहीत नाही. लाकड्यानं स्वतः सही करून दिलीय. मग तू कशाला उकरतोस? वकील हुशार आहे. त्याची फी मी एकोणीस वर्षं भरतोय.

आज सकाळी आठच्या सुमारास पाचव्या गुलाबाच्या मुळाशी एक आवाज आला. बारीक, खालचा, एकदाच. मी रस्त्याकडून गेलो. एकदाच. शेडकडून गेलो, तिरका गेलो, गुडघ्यावर बसून थाळी इंचाइंचानं नेली. त्याच जागी, तेवढंच. पाचवा गुलाब मी मुळासकट, मातीच्या गोळ्यासकट बाहेर काढला, मोडला नाही. मग हातानंच खणलं. वीतभर गेल्यावर बोटाला लागलं. तुटलेलं टोक अजून तसंच आहे, एका बाजूला माझ्या हातोडीचा घाव, गंजलाय पण ओळखू येतो. हलवून बघितलं. हलला नाही. बायको मागं येऊन उभी होती, केव्हा आली कळलं नाही, माझे कान असे असून. मी उठलो नाही, तिथंच बसून तिला सगळं सांगितलं, तुला सांगितलं तसंच, पण इतकं लांब नाही. तिनं एकच विचारलं, वहिनींना माहीत होतं? मी म्हटलं, कुणालाच नाही. ती आत गेली. मला वाटलं, आता काही खरं नाही. ती रंगाचे रिकामे डबे घेऊन बाहेर आली, सात, आणि उरलेले गुलाब एकेक करून त्यांत हलवायला लागली. मी मदतीला गेलो तर म्हणाली, तुम्ही आधी त्यांना लिहा.

म्हणून हे पत्र. सही मी केलेली नाही आणि त्या कागदावर करणारही नाही. मुलाला सांग, शुक्रवार माझ्यामुळं चुकला, गिऱ्हाइकाला माझं नाव घालून सांग, आणि भाव आत्ता ठरवू नका. सोमवारी मोजणीवाला येतोय, मी बोलावलाय, आणि तुला जे सांगितलं ते त्याच्यासमोर, आणि टपरीवरचे जे कोणी अजून आहेत त्यांच्यासमोर सांगणार आहे. मंगळवारी गवंडी येऊन भिंत पुढून मागं पाडायला घेईल. तू आलास तर बरं, वहिनींना घेऊन आलास तर आणखी बरं, आणि नाहीच आलास तरी भिंत पडणार. माफीचं वाक्य दोनदा लिहिलं आणि खोडलं, वर दिसतंय तेच ते, ते तोंडानं म्हणायचं आहे, आणि तू ऐकायला यावंस एवढंच मागणं आहे. येण्याआधी तुझा मुलगा आकडा विचारेल, गिऱ्हाइकाला सांगायला. माझी टेप सापडली नाही म्हणून शेजारून मागून आणली. एक टोक बायकोनं धरलं, एक मी, आणि दोनदा मोजलं. गज भिंतीच्या आत, माझ्या बाजूला, दोन फूट सात इंचांवर आहे.

तुझाच,
लोखंड्या